परळचं टाटा हॉस्पिटल, बेळगावहून पाहताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या घरात कॅन्सरचा रिपोर्ट आला की पहिले दोन दिवस एकच चर्चा चालते. मुंबईला न्यायचं की बंगळूरला, की कोल्हापूर, मिरज, हुबळीतच उरकायचं? इथे मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या सेवेचं परीक्षण आहे, या भागातल्या रुग्णाच्या सोयीगैरसोयीच्या अंगाने. दुसरंही एक कारण आहे. "कॅन्सरसाठी स्वतंत्र सरकारी हॉस्पिटल चालवायची गरज काय, ती बंद करा आणि मोठ्या जनरल हॉस्पिटलात एक विभाग उघडा" हा युक्तिवाद खर्चाचा विषय निघाला की कुठे ना कुठे डोकं वर काढतोच. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. अशा हॉस्पिटलात रोज काय चालतं हे जवळून पाहिलं की तो टिकत नाही.

आधी मालकीचं. टाटा मेमोरियल १९४१ साली टाटांच्या ट्रस्टने सुरू केलं, १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने ताब्यात घेतलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे ते महाराष्ट्र सरकारचं नाही. खानापूरचा माणूस तिथे परराज्यातला पाहुणा ठरत नाही, आणि सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट साधी वाटत नाही, कारण बाकी प्रत्येक खिडकीवर त्याला 'तुम्ही कुठल्या राज्याचे' हेच आधी विचारतात. बंगळूरचं किडवाई कॅन्सर हॉस्पिटल, १९७३ चं, कर्नाटक शासनाच्या अखत्यारीतलं. तिथे आपलं राज्याच्या आरोग्य योजनेचं कार्ड सरळ चालतं. दोन्ही बेळगावहून साधारण पाचशे किलोमीटर.

निघण्याआधी काय बिघडतं

टाटाला पोचलेल्या रुग्णाचे पहिले आठ-दहा दिवस वाया जातात ते बहुतेक वेळा गावी झालेल्या चुकांमुळे. सर्वांत महाग चूक म्हणजे "गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू". स्तनातली गाठ आधी सुईने तुकडा काढून तपासायची असते. तोंडातल्या जखमेचा तुकडा कडेने घ्यायचा असतो. हाता-पायातली खोलवरची गाठ तर स्कॅन झाल्याशिवाय सुरी लावूच नये. छोट्या नर्सिंग होममध्ये गाठ अर्धवट निघाली, की नंतरच्या सर्जनला मूळ आजार कुठवर होता ते कळत नाही. मग कापायचं क्षेत्र वाढतं आणि कधी कधी अवयव वाचवण्याची संधी हातची जाते.

काढलेला तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात बुडवून ठेवायचा. सलाईनच्या पाण्यात तो सडतो. स्तनाच्या गाठीच्या हार्मोन आणि हर-टू (गाठीतलं एक प्रथिन) तपासण्या तर तुकडा किमान सहा आणि जास्तीत जास्त बहात्तर तास फॉर्मेलिनमध्ये राहिला तरच भरवशाच्या येतात. शनिवारी दुपारी काढलेली गाठ बुधवारी लॅबला गेली, तर रिपोर्ट छापून येईल, पण त्यावर औषध ठरवणं धोक्याचं.

सोबत न्यायचं काय? नुसता रिपोर्ट पुरत नाही. काचेच्या स्लाइड आणि तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉक, दोन्ही लॅबकडून मागून घ्यायचे. टाटाचे पॅथॉलॉजिस्ट बाहेरच्या स्लाइड पुन्हा स्वतः वाचतात, आणि जास्तीच्या तपासण्या लागल्या तर ब्लॉकमधून नवे काप काढतात. ब्लॉक नसेल तर पुन्हा सुई, पुन्हा वाट. स्लाइड प्लॅस्टिकच्या खाचांच्या डबीत ठेवा, रुमालात गुंडाळून नेलेल्या फुटतात. ब्लॉक एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. स्कॅनची सीडीही हवी, फिल्म आणि टंकलेला निष्कर्ष तिची जागा घेत नाहीत. तोंडाच्या कॅन्सरचा सीटी इंजेक्शन देऊन आणि गाल फुगवून काढलेला असावा. गाल फुगवला नाही तर गाल आणि हिरडी चिकटलेली दिसतात आणि आजार नेमका कशाचा ते कळत नाही. हे सीटीच्या तंत्रज्ञाला आधी सांगितलं तर तो करतो. सांगावं लागतं, एवढंच. 'सगळं एकदम कळू दे' म्हणून हजारो रुपयांचा पेट स्कॅन स्वतःहून करून जाऊ नये. बऱ्याच आजारांत तो लागत नाही, आणि लागलाच तर तिथले डॉक्टर त्यांच्या वेळेला सांगतात.

कागदपत्रांत आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, फोटो. नाडकचेरीतला (कर्नाटकाच्या महसूल कचेरीतला) उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये असतो. त्याला मराठी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून ठेवा, परळच्या समाजसेवा विभागातल्या कार्यकर्तीला कन्नड यायलाच हवं अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

आत गेल्यावर

नोंदणी ऑनलाइनही होते, आणि ती करून जाणं चांगलं. नोंदणीच्या वेळी जनरल की प्रायव्हेट हे विचारतात. डॉक्टर तेच, ऑपरेशन थिएटर तेच; फरक दरांचा, प्रतीक्षेचा आणि खोलीचा. घाबरलेले नातेवाईक लवकर नंबर लागेल म्हणून प्रायव्हेट लिहितात आणि तिसऱ्या महिन्यात पैसे संपतात. नंतर गट बदलून घेणं सोपं नसतं. शेतकरी किंवा विडी कामगार घराने सरळ जनरल लिहावं. पैसे स्मार्ट कार्डवर भरायचे, प्रत्येक तपासणीचे त्यातून वजा होतात, उरलेले परत मिळतात. पंचवीस खिडक्यांवर पावत्या फाडण्यापेक्षा ही पद्धत फार बरी, आणि कशाला किती गेले याचा हिशेबही राहतो.

गर्दीबद्दल खोटं बोलण्यात अर्थ नाही. पहाटेपासून माणसं बसलेली असतात, बाकडी पुरत नाहीत, डॉक्टरसमोरचा वेळ मिनिटांत मोजावा लागतो. पहिल्या फेरीत उपचार सुरू होत नाहीत. तपासण्या, स्लाइडचा फेरवाचनाचा निकाल, मग निर्णय, असे आठ-पंधरा दिवस धरूनच जा. प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि घरातला एकच माणूस बोलेल असं ठरवा. तिघांनी तीन प्रश्न विचारले की एकाचंही उत्तर लक्षात राहत नाही.

पण त्या काही मिनिटांमागे काय असतं ते बाहेरून दिसत नाही. इथले डॉक्टर अवयवागणिक गटांत काम करतात. डोकं-मानेचा गट वेगळा, स्तनाचा वेगळा, हाडांचा वेगळा. प्रत्येक गटात सर्जन, रेडिएशनवाला, किमोवाला, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट. गुंतागुंतीची केस ते एकत्र बसून ठरवतात. एरवी काय होतं? माणूस आधी सर्जनकडे गेला तर ऑपरेशन ठरतं, आधी किमोवाल्याकडे गेला तर किमो. आजाराला कशाची गरज आहे यापेक्षा पहिल्यांदा कोणाचं दार उघडलं यावर उपचार ठरतात.

तोंडाचा कॅन्सर: साखळी कुठे तुटते

निपाणी म्हणजे तंबाखू. मिसरी, गुटखा, चुन्यासोबतची चिमूट, विडी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून आणि कर्नाटकात २०१३ पासून बंदी आहे. टपरीवर ती कितपत दिसते हे वाचणाऱ्याला सांगायला नको. म्हणून उदाहरण तोंडाच्या कॅन्सरचंच घेऊ.

ऑपरेशन होतं. आजाराच्या स्वरूपाप्रमाणे त्यानंतर शेक, म्हणजे रेडिएशन, लागतो. तो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. त्याआधी दातांच्या डॉक्टरांनी किडलेले दात काढायचे आणि हिरडी भरायला दहा-चौदा दिवस द्यायचे, कारण शेकानंतर काढलेल्या दाताखाली जबड्याचं हाड कुजू शकतं. मग साचा: प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, काही मिनिटांत ती कडक होते. साचा घालून सीटी काढतात, डॉक्टर त्यावर आजाराच्या सीमा आखतात, फिजिसिस्ट किरणांचं गणित मांडतो आणि मशीनवर पडताळून पाहतो. त्यानंतर रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप), आठवड्यातून पाच दिवस, साधारण तीस ते तेहतीस वेळा. सहा-साडेसहा आठवडे.

तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलतं, गिळवत नाही. वजन घटलं की साचा सैल होतो आणि किरणांचा नेम चुकतो. म्हणून नाकातून नळी घालायचा सल्ला वेळेवर मानावा. "नळी म्हणजे शेवट" हा समज आपल्याकडे फार आहे आणि तो नुकसान करतो. मधेच "थोडा आराम करून येतो" म्हणून गावी गेलं तर उरलेल्या पेशी वाढायला लागतात. रोजच्या लांबणीला आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते, असं या शास्त्रात धरतात. यात्रा, लग्न, ऊसतोड, काहीही असो, शेक मोडायचा नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर बाहेरचा शेक, आठवड्याची सिस्प्लॅटिन ही किमो आणि आतून द्यायचा शेक हे सगळं मिळून आठ आठवड्यांत संपवायचं असतं.

आता कल्पना करा की यातला दातांचा डॉक्टर एका इमारतीत, साच्याची खोली दुसरीकडे, फिजिसिस्ट कंत्राटी, आणि ऑपरेशन थिएटर अपघात आणि सिझेरियनच्या यादीत सामायिक. रात्री महामार्गावरचा अपघात आला की उद्याचं जबड्याचं सात-आठ तासांचं ऑपरेशन पुढे जाणार, आणि ते बरोबरच, अपघात थांबू शकत नाही. पण असं दोनदा पुढे गेलं की आजार एक टप्पा वर चढू शकतो. वेगळं थिएटर, वेगळ्या खाटा, वेगळी मशीन यांचा अर्थ एवढाच: कॅन्सरचा नंबर दुसऱ्या कोणत्याही निकडीमुळे मागे पडू नये.

बंद करा म्हणणाऱ्यांचा हिशेब

मशीन एका छताखालून दुसऱ्या छताखाली नेता येतं, असं कागदावर दिसतं. शेकाच्या एका प्रकारच्या मशीनमधला कोबाल्ट-६० चा किरणस्रोत दर महिन्याला साधारण एक टक्का दुबळा होतो. सव्वापाच वर्षांत निम्मा. तेवढाच डोस द्यायला मग दुप्पट वेळ लागतो, म्हणजे दिवसात कमी रुग्ण. 'मशीन चालू आहे' एवढ्या उत्तरावर म्हणून कधीच समाधान मानू नये, रोज किती जणांना शेक मिळतो ते विचारावं. आतून शेक द्यायच्या इरिडियमचा जोर तर अवघ्या ७४ दिवसांत निम्मा होतो, तो तीन-चार महिन्यांनी बदलावाच लागतो. लिनिअर अॅक्सिलरेटरला, म्हणजे शेकाच्या विजेवरच्या मशीनला, अखंड वीज, थंडावा आणि देखभालीचं करारपत्र लागतं. कराराचं नूतनीकरण जनरल हॉस्पिटलच्या खरेदी विभागात जनरेटर आणि चादरींच्या फायलीमागे अडकलं, तर तीन दिवस बंद पडलेल्या मशीनचा फटका त्यावर रांगेत असलेल्या प्रत्येकाला बसतो. शिवाय अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना, किरण-सुरक्षा अधिकारी, बंकरच्या भिंतींची जाडी. हे सगळं नव्या जागी पुन्हा शून्यापासून.

किमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. अशा रुग्णाला न्यूमोनियाच्या रुग्णाशेजारची खाट देणं म्हणजे काय, ते कुठल्याही नर्सला विचारा. सीमाभागातल्या माणसाने इथे एक आकडा पाठ करावा: १००.४ फॅरनहाइट. किमो चालू असताना ताप तिथवर गेला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, मग ते बेळगावच्या सिव्हिलमध्ये का होईना. किमोची तारीख आणि औषधांची नावं लिहिलेलं कार्ड खिशात असलं की तिथल्या डॉक्टरचाही वेळ वाचतो.

वेदनेचंही तसंच. तोंडी मॉर्फिन ठेवायला मान्यता लागते. २०१४ च्या कायदा दुरुस्तीनंतर ती पद्धत सोपी झाली, तरी तालुक्याच्या ठिकाणी गोळी सहसा मिळत नाही. ती देणारे, डोस वाढवणारे आणि बद्धकोष्ठाचं औषध सोबत लिहायला न विसरणारे हात कॅन्सरच्या हॉस्पिटलातच तयार होतात.

आणि संशोधन. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी लागलेल्या दिसत नसल्या तरी त्या त्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात की नंतर दिसल्या तर काढाव्यात, हा वाद जगभर वर्षानुवर्षं चालला होता. उत्तर टाटातल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने २०१५ मध्ये दिलं: आधीच काढल्या तर तीन वर्षांनी जिवंत असणारे ८० टक्के, थांबलं तर ६७.५ टक्के. याला लागणारे शेकडो एकसारखे रुग्ण, एकच पद्धत आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा एखाद्या जनरल हॉस्पिटलच्या वॉर्डात जमणं अवघड. २०२२ मध्ये इथूनच आलं की निव्होलुमॅब या महागड्या कॅन्सर-औषधाचा नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, २० मिलिग्रॅमचा डोस तोंडी औषधांना जोडला तर डोकं-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये वर्षभर जगणारे १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर जातात. कमी डोस पुरतो का, हे तपासण्यात औषध कंपनीला रस कशाला असेल? ते सरकारी पगारावरचा डॉक्टरच तपासणार. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या बायकांनी व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासण्याचा प्रयोगही इथलाच, आणि त्यात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा खरा आहे. ज्याला कॅन्सरसोबत हृदयाचा किंवा किडनीचा मोठा आजार आहे, त्याची एकाच रोगाच्या हॉस्पिटलात ओढाताण होते, इकडून तिकडे पत्र घेऊन फिरावं लागतं. पण त्यावरचा उपाय शेजार आहे. परळला केईएम हे मोठं जनरल हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे. शेजारच्या हॉस्पिटलशी पक्का करार करता येतो. त्यासाठी एकाने दुसऱ्याला गिळायची गरज नाही.

'जिल्ह्यातच उपचार' हाही मुद्दा बंद करण्याच्या बाजूने वापरतात, तो उलटा आहे. जिल्ह्यात किमो द्यायचीच. पण योजना कोण आखणार? आपल्याकडच्या रुग्णासाठी उत्तम वाट हीच: निर्णय आणि अवघड ऑपरेशन टाटाला, शेक आणि किमो शक्य तिथे कोल्हापूर, मिरज, हुबळी किंवा बेळगावला. त्यासाठी डिस्चार्ज कागदावर औषधाचं नाव, शरीराच्या क्षेत्रफळाप्रमाणे डोस, किती फेऱ्या, किती दिवसांनी. शेकासाठी एकूण ग्रे आणि एकूण वेळा, हे लिहून मागा. 'पुढील उपचार स्थानिक ठिकाणी' एवढंच लिहिलेला कागद गावी उपयोगाचा नाही.

पैसा, गाडी, मुक्काम

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक कार्डावर बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. ती बेळगावातच घेऊन निघा, परत येण्यात दोन दिवस जातात. राज्याबाहेर कार्ड चालेल का हे कुटुंब केंद्राच्या यादीत आहे की फक्त राज्याच्या, यावर ठरतं. भरती होण्याआधी योजनेच्या खिडकीवर कार्ड तपासून घ्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. राजकारण त्यांचं त्यांना लखलाभ. आपण दोन्हीकडचे कागद पिशवीत ठेवावेत.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला त्याच डब्यांत ७५ टक्के सूट. हॉस्पिटलच्या सहीचा विहित नमुना लागतो, म्हणजे पहिली फेरी पूर्ण भाड्यातच. मिरज-पुणे मार्गे दादरला जाणाऱ्या गाड्या बेळगावला थांबतात आणि दादरहून परळ जवळ. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर समितीचं रुग्णसेवा सदन, मुलांसाठी सेंट ज्यूड. जागा हॉस्पिटलच्या कागदावर मिळते आणि पहिल्या दिवशी मिळेलच असं नाही, तेव्हा दोन रात्रींची वेगळी सोय करून जा.

अशा एखाद्या हॉस्पिटलच्या विलीनीकरणाचा मसुदा पुढे आला आणि हरकती मागवल्या, तर 'गरिबांचं काय होणार' एवढंच लिहून पाठवलेलं पत्र फायलीला लागतं आणि तिथेच राहतं. उत्तर द्यावंच लागेल असे प्रश्न लिहा. आज रोज किती जणांना शेक मिळतो आणि स्थलांतराच्या काळात तो कुठे मिळेल? कॅन्सरच्या राखीव खाटा आणि थिएटरचे दिवस आदेशात आकड्याने लिहिले आहेत का? फिजिसिस्ट आणि पॅथॉलॉजिस्टची पदं कायम राहणार की कंत्राटी होणार? आधीच उपचार घेतलेल्या रुग्णांच्या फायली आणि ब्लॉक कोणाच्या ताब्यात जातील, आणि सात वर्षांनी आजार उलटला तर ते किती दिवसांत हाती येतील? परराज्यातल्या रुग्णाला आजचेच दर लागू राहतील का? हा शेवटचा प्रश्न मुंबई-बंगळूरचा कोणी विचारणार नाही. तो बेळगाव, खानापूर, निपाणीतूनच, गावाच्या नावासकट आणि पोचपावती घेऊन जायला हवा.